डबीत ठेवलेलं मत

छावणीच्या बाजारात निजामुद्दीनच्या दुकानात सिनेमा भाड्यानं मिळतो आणि त्याच्याबरोबर निजामुद्दीनचं मत फुकट मिळतं. मत नको म्हणालात तर सिनेमाही मिळत नाही. शेंबडं पोरसुद्धा मोबाइलवर बोट फिरवून हवं ते बघतं अशा दिवसांत हे दुकान चालतं कसं, असं कुणी विचारलं की तो म्हणतो, "मोबाइलवर हजार सिनेमे हायेत. पण कोणता बघू नको हे सांगणारं हाय का कुणी तिथं?"

बासष्ट वर्षांचा गडी. कॅसेटी गेल्या, सीड्या आल्या, त्याही गेल्या. बाजारातल्या बाकीच्या व्हिडिओवाल्यांनी शहाणपणानं मोबाइलची कव्हरं विकायला घेतली. निजामुद्दीन हट्टी, त्यानं पेनड्राइव्ह घेतले. मित्रांकडून वर्गणी काढून, बापाची मोटरसायकल विकून पोरं सिनेमे काढतात, थेटरवाले त्यांना दारात उभं करत नाहीत, मग ती पोरं याच्याकडं येतात. निजामुद्दीन तो सिनेमा अख्खा बघतो, पेनड्राइव्ह प्लॅस्टिकच्या डबीत ठेवतो आणि डबीत घडी घालून एक कागद टाकतो. कागदावर मत. गिऱ्हाईक डबी घरी नेतं, टीव्हीला लावतं आणि दोन दिवसांनी परत आणून देतं.

मतं मात्र मिरचीसारखी. एका सिनेमात कॅमेरा अकरा मिनिटं म्हशीकडं बघत बसला होता, त्यावर यानं लिहिलं, 'म्हैस चांगली. माणसं म्हशीइतकी चांगली नाहीत.' पुण्याच्या फ्लॅटमधल्या दोन बहिणींच्या सिनेमावर लिहिलं, 'सगळे हळू बोलतात. घरात कुकर लावला असेल तर बघू नका.' तो बहिणींचा सिनेमा काढणारा पोरगा भांडायला आला. जरा गोड लिहा म्हणाला. निजामुद्दीननं काउंटरवर अशी मूठ आपटली की काच फुटून बोटांना चार टाके पडले. त्या रक्ताळ हातानंच त्यानं पोराच्या पेनड्राइव्हवर वरवंटा घातला. बायको सगीरा महिनाभर त्याला भरवताना शिव्या देत होती.

मारामारीच्या बाबतीत तर तो फारच कडक. कुणी पडद्यावर सुरा खाल्ला की हा पुढं वाकून बघायचा. 'रक्त लई पातळ, सरबत वाटतं.' 'पोटात मारलं तर माणूस ओरडत नाही, त्याचा श्वास जातो.' गिऱ्हाइकांना कौतुक वाटायचं. हजारो सिनेमे बघून बघून निजामभाईची नजर तयार झालीय, असं सगळे म्हणत. त्याला हे कुठून कळलं, हे कुणी विचारलं नाही आणि त्यानंही कधी सांगितलं नाही.

आता मोतीरामबद्दल सांगितलं पाहिजे. सव्वीस वर्षांपूर्वी छावणीत केबल टीव्ही मोतीरामचा होता. शिडी खांद्यावर, कमरेला पक्कड, गळ्यात काळ्या वायरचं भेंडोळं. रोज संध्याकाळी तो निजामुद्दीनकडून एक कॅसेट न्यायचा आणि रात्री ती आपल्या चॅनलवर लावायचा. कोणती लावायची हे निजामुद्दीननं ठरवायचं आणि मोतीरामनं त्यावर वाद घालायचा. दोघांची दोस्ती अशी शिव्या देत देत घट्ट झालेली. मग शेजारच्या भागाचा केबलवाला राजेंद्र याला छावणीही हवीशी झाली. त्यानं चार वेळा वायर तोडली, मोतीरामनं चार वेळा जोडली. पाचव्या वेळी, मे महिन्यात, भर दुपारी दोन वाजता, मोतीराम भर बाजारात मारला गेला. साक्षीदार एकही मिळाला नाही, खटला उभा राहिला नाही. पुढच्या महिन्यात राजेंद्र छावणीचा केबलवाला झाला. पुढं इंटरनेट, मग बिडकीनकडचे प्लॉट. आज त्याला राजूशेठ म्हणतात.

खुनाची चर्चा हळूहळू विझली, पण एक गोष्ट टिकली. मरताना मोतीराम पळाला, पकडल्यावर राजेंद्रच्या बुटांवर डोकं ठेवून रडला, सोडा म्हणाला. ही गोष्ट कुणी पसरवली हे उघड होतं. पण पानटपरीवर ती चवीनं सांगितली जायची, आणि मोतीरामच्या बायकोच्या, सुरेखाबाईच्या कानावर यायची. बाईनं डब्यांची मेस घातली, मुलीला शिकवलं. मुलीच्या लग्नाच्या बोलणीत मुलाचा काका म्हणाला, "बाप जरा भित्रा होता म्हणे." सुरेखाबाई ते गिळून पाहुण्यांना चहा देत राहिल्या.

यंदाच्या उन्हाळ्यात चिन्मय नावाचा एक तिशीचा पोरगा डबीत ठेवायला पेनड्राइव्ह घेऊन आला. केबलवाल्यांच्या भांडणांवर सिनेमा काढला होता, नाव 'बत्तीस चॅनल'. नावं बदललेली, पण गल्ली हीच, शिडी हीच. "चाचा, बिनधास्त लिहा," पोरगा म्हणाला. त्याला वाटलं आपण फार मोठं धाडस करतोय.

निजामुद्दीननं दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानातल्या टीव्हीवर सिनेमा लावला. तासभर बरा गेला. मग शेवट आला. पडद्यावरचा केबलवाला शिडीवरून उतरून पळाला, गल्लीच्या टोकाला सापडला, गुडघ्यावर बसला, हात जोडले, कपाळ बुटांवर टेकवलं. त्या बुटाच्या लाथेनंच त्याचा जबडा फुटला. मागं सनई वाजत होती.

निजामुद्दीनच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यानं कागद ओढला आणि पेन असं दाबून लिहिलं की खालच्या वहीवर अक्षरं उमटली. 'शेवट साफ खोटा. तो पळाला नाही. पाया पडला नाही. पहिला पाइप उजव्या खांद्यावर बसला. मग त्यानं डाव्या हातानं पक्कड काढली आणि एकाचं मनगट फोडलं. तिघांनी धरल्याशिवाय तो खाली आला नाही. खाली पडूनही शिव्याच देत होता. दिग्दर्शकानं विचारून घ्यायला पाहिजे होतं.'

घडी घातली, डबीत टाकली आणि जुम्मा असल्यानं तो मशिदीत गेला. आयुष्यभर जे खरं वाटलं ते लिहायची सवय. आपण सिनेमावर मत लिहिलंय की जबानी दिलीय, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

तेवढ्या वेळात सुरेखाबाई दुकानात आल्या. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. चिन्मयनं त्यांना सांगितलं होतं, काकू, एकदा बघा. दुकानात सगीरा बसली होती. तिनं डबी काढून दिली आणि "बैठो ना भाभी, चाय पीव," म्हणाली. सुरेखाबाई थांबल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला त्या परत आल्या. हातात डब्यांची पिशवी, मुठीत तो कागद. निजामुद्दीन एकटाच होता. त्यानं कागद पाहिला आणि त्याची पाचावर धारण बसली.

"निजामभाई, हे तुम्ही लिहिलं?"

"व्हय. म्हणजे... सिनेमाचं मत हाय ते, भाभी."

"कुणी सांगितलं तुम्हाला हे?"

"लोकं बोलत्यात ना. लोकांकडून ऐकलं."

"लोकं तर उलटं बोलतात," सुरेखाबाई म्हणाल्या. "सव्वीस वर्षं मी ऐकतेय. पक्कडीचं कुणी बोललं नाही. डाव्या हाताचं कुणी बोललं नाही. तुम्ही कुठं होतात?"

निजामुद्दीननं इकडंतिकडं पाहिलं. बोलायची टाळाटाळ करावी असं त्याला फार वाटलं, पण समोरची बाई हलेना. मग तो बोलला.

तो इथंच होता. उन्हामुळं शटर अर्धं ओढलेलं, आत पंख्याखाली कॅसेटी पुसत बसला होता. समोरच्या खांबाला मोतीरामची शिडी. चौघं आले, शिडीला लाथ घातली, मोतीराम उडी मारून उभा राहिला. पहिला पाइप खांद्यावर. हाड मोडल्याचा आवाज दुकानात आला. मोतीरामनं डाव्या हातानं पक्कड फिरवली, एकाचं मनगट लोंबायला लागलं. मग राजेंद्र मागून आला. तलवार पाठीत, मग मानेवर. तिघांनी धरलेला मोतीराम तोंडातलं रक्त राजेंद्रच्या शर्टावर थुंकला आणि आईवरून शिवी दिली. त्याला आडवं करून ते पायांवर पाइप मारत राहिले, आधी घोटे, मग गुडघे. मग गाडीत बसून गेले.

"मग?" सुरेखाबाई म्हणाल्या.

"मग तो सरकत सरकत इथं आला भाभी. माझ्या शटरपर्यंत."

"मग?"

"मी शटर खाली ओढलं."

निजामुद्दीननं उरलेलंही सांगितलं. मोतीरामनं शटर वाजवलं. निजाम, पाणी दे, म्हणाला. वाजवत राहिला. आत निजामुद्दीन काउंटरखाली तोंडात रुमाल कोंबून बसला होता. ते परत आले तर, एवढंच डोक्यात होतं. मग वाजायचं थांबलं. रक्त शटरच्या फटीतून आत आलं, फरशीवर कॅसेटींच्या खोक्यापर्यंत. ते त्यानं एकट्यानं पुसलं आणि संध्याकाळी पोलिसांना सांगितलं की दुपारी दुकान बंद होतं, मी घरी झोपलो होतो.

सुरेखाबाईंनी पिशवीतून चार पुडांचा स्टीलचा डबा काढला आणि सगळा जोर लावून त्याच्या तोंडावर मारला. त्याची भुवई फाटली. दुसरा फटका कानावर बसला, तिसरा दातांवर. आमटी, भात, रक्त सगळं त्याच्या दाढीत झालं. त्यानं हात वर केला नाही. डबा वाकला तेव्हा बाई थांबल्या.

"ठाण्यात चला," त्या धापा टाकत म्हणाल्या. "आत्ता. हे सगळं तिथं सांगा."

"तो मारून टाकील मला, भाभी."

"ते माझ्या नवऱ्यालाही माहीत होतं," बाई म्हणाल्या आणि वाकडा डबा उचलून निघून गेल्या.

त्या तडक चिन्मयकडं गेल्या आणि कागद त्याच्या तोंडावर फेकला. माझ्या माणसाला तू पाया पडायला लावलंस, म्हणाल्या. पोरगा शरमला, पण पोरगाच तो. त्यानं कागदाचा फोटो काढून आपल्या सिनेमाच्या ग्रुपवर टाकला, शेवट नव्याने करणार असं लिहिलं, आणि निजामभाईचं नावही घातलं. दुपारपर्यंत तो फोटो बिडकीनला राजेंद्रपर्यंत पोचला.

सोमवारी अकरा वाजता, बाजार भरलेला असताना, राजेंद्र आला. साठीला टेकलेला, पांढरा शर्ट, बरोबर चार माणसं आणि पाइप. बोलणं नंतर, आधी काम. एकानं टीव्ही फोडला. दोघांनी मांडण्या ओढून पाडल्या. वीस-पंचवीस वर्षांच्या सीड्या आणि डब्या बुटांखाली कडाकडा फुटायला लागल्या. निजामुद्दीन मध्ये धावला तसा पाइप त्याच्या बरगड्यांवर बसला आणि त्याचा श्वास गेला. बाजारातली शटरं भराभर खाली आली.

त्याला ओढत रस्त्यावर आणलं. राजेंद्रनं दुकानातलं स्टूल मागवून घेतलं आणि ऐटीत बसला.

"डोळ्यांनी बघितलंस म्हणे," तो म्हणाला. "कागद घे. सिनेमा बघून मनानं लिहिलं, काही पाहिलं नाही, असं लिही."

"नाय लिहिणार."

हे कसं तोंडातून गेलं याचं निजामुद्दीनलाच नवल वाटलं. पाइप गुडघ्यावर आला. तो ओरडला. पुन्हा तोच गुडघा. मग एकानं त्याचा उजवा हात पायरीवर सरळ धरला आणि दुसऱ्यानं कोपरावर असा घाव घातला की हाताचा खालचा भाग उलट्या दिशेला वळला. निजामुद्दीननं आपलं हाड कातडीतून बाहेर आलेलं पाहिलं. त्याला ओकारी झाली. कपडे ओले झाले. पाइप पुन्हा वर गेला आणि आतलं सगळं बळ एकदम संपलं.

"राजूशेठ!" तो किंचाळला. "मत मारो! मैं कुछ नै देखा! अल्ला की कसम, कुछ नै देखा मैं!" आणि एका हातानं सरपटत जाऊन त्यानं राजेंद्रच्या बुटांना मिठी मारली, कपाळ त्यावर टेकवलं, रडला, माफी मागितली. राजेंद्रनं मजकूर दुसऱ्याकडून लिहून घेतला आणि याचा डावा अंगठा त्याच्याच रक्तात बुडवून खाली दाबला.

मग राजेंद्र उठला आणि बंद शटरांकडं बघत मोठ्यानं हसला. "बघा रे! हाही पडला. पडतेत सगळेच. तो मोत्या तर याच्यापेक्षा जास्त रडला होता."

रस्त्याच्या पलीकडं मेसच्या दारात सुरेखाबाई उभ्या होत्या. भांडं घेऊन त्या धावल्या होत्या, शेजारच्या दोघींनी त्यांना कमरेला धरून मागं ओढलं होतं. त्यांनी ते वाक्य ऐकलं. निजामुद्दीननंही ऐकलं. आणि हाडांच्या वेदनेपेक्षा ते जास्त लागलं. आपण पडलो त्यामुळं मोतीरामही पडल्याचं आता खरं ठरणार, हे त्याला तिथं धुळीत कळलं. एकदा शटर ओढून मारला, आज पायावर पडून पुन्हा मारला.

इस्पितळात हाताला सळई घातली, गुडघा बांधला. सगीरा उशाशी बसून होती. "अब चुप बैठो जी," ती म्हणाली. "बहुत हो गया." तिसऱ्या दिवशी सकाळी निजामुद्दीन म्हणाला, "रिक्षा बुला." कुठं जायचंय हे तिला सांगावं लागलं नाही. ती भिंतीकडं तोंड करून भरपूर रडली, मग त्याच्या काखेत खांदा देऊन तिनंच त्याला रिक्षात चढवलं. वाटेत मेसपाशी थांबून तिनं सुरेखाबाईंना हाक मारली.

ठाण्यात हवालदार टाइप करत होता. निजामुद्दीननं मे महिन्याची ती दुपार सांगितली, तारखेसकट. राजेंद्रचं आणि त्या चौघांचीही नावं सांगितली. तलवार कुठं बसली, पाइप कुठं बसला. शटर ओढलं तेही सांगितलं, पाणी मागितलं तेही. पोलिसांना तेव्हा खोटं बोललो, त्याची काय सजा असेल ती द्या, म्हणाला. मग सोमवारचा बाजार सांगायला लागला. दुकान, गुडघा, कोपर, अंगठा.

"आणि लिहा, मी राजेंद्रच्या पाया पडलो. बुटावर डोकं ठेवलं. रडलो. कपड्यात मुतलो."

हवालदाराची बोटं थांबली. "चाचा, हे कशाला? अंगठा जबरदस्तीनं घेतला एवढं पुरे. केसला याचा काय उपयोग?"

"लिहा!" निजामुद्दीन असा ओरडला की आतले दोघं बाहेर आले. त्यानं डावा हात टेबलावर आपटला, चहाचा कप उडाला. "तो सगळ्या बाजारात सांगून गेलाय, सगळेच पडतेत म्हणून. मी पडलो. लोकांनी बघितलं. ते माझ्या नावावर लिहा. आणि त्याच्या खाली लिहा, मोतीराम पडला नव्हता. खांद्याची, पायाची हाडं मोडली तरी पडला नव्हता. मी बघितलंय आणि आता मला म्हाईत हाय, न पडायला काय लागतं ते."

हवालदारानं लिहिलं. कागद छापून आला. नियमाप्रमाणं तो सगळा मोठ्यानं वाचून दाखवायचा असतो, तसा त्यानं वाचला. सगीरानं निजामुद्दीनचा डावा हात धरला आणि त्यानं वेडीवाकडी सही केली.

बाकावर बसलेल्या सुरेखाबाई उठल्या. त्यांनी निजामुद्दीनकडं पाहिलं नाही. त्या टेबलापाशी आल्या आणि हवालदाराला म्हणाल्या, "साहेब, ते शेवटचं परत वाचता का? माझ्या मालकांचं जेवढं आहे तेवढंच."

हवालदारानं कागद उलटा केला, ओळ शोधली आणि पुन्हा वाचलं.